घारीची विद्या

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे नगर जिल्ह्याच्या माळावर दोन गोष्टी हटकून दिसूं लागतात. एक वावटळ आणि दुसरी घार. भर दुपारीं नांगरून टाकलेल्या एखाद्या शेतांतून धूळ, पाचोळा आणि कडब्याच्या काड्या गरगरत वर चढतात आणि पाहतां पाहतां त्यांचा ताडाएवढा खांब उभा राहतो. त्याच जागेच्या वर, डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलें, तर एखादी घार पंख ताणून संथ घिरट्या घालीत असते. ती पंख हालवीत नाहीं; तरी प्रत्येक घिरटीसरशी ती थोडी वर जाते, आणि घटकाभरानें नुसता ठिपका उरतो. वावटळींत भूत असतें असें आम्हांस आजीनें सांगितलें होतें, आणि घारीचा दृष्टान्त कीर्तनांत ऐकला होता. परंतु ह्या दोहोंचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे, हें मात्र कोणीच सांगितलें नव्हतें. तो संबंध उलगडण्याच्या कामीं हिंदुस्थानच्या आकाशाचा मोठाच उपयोग झाला, आणि त्या विद्येचें प्रत्यक्ष फळ पाहावयास आम्हांस नगरहून पुण्याशेजारच्या हडपसरास जावें लागलें. ही सर्व हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हवा वर कां चढते, हें प्रथम पाहूं. त्याचा एक प्रकार आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास पाहावयास मिळतो. (२०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, जुन्या गोष्टी सांगतांना जुनें नांव तोंडीं येतें, त्याची क्षमा असावी.) अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगड समुद्रसपाटीपासून १,४२४ मीटर उंच आहे, आणि त्याचा कोंकणकडा नालाच्या आकाराचा, आंत वळलेला व सरळ तुटलेला आहे. कोंकणांतून येणारा वारा ह्या कड्यास येऊन थडकला म्हणजे त्यास पुढें वाट राहत नाहीं. तो वर चढतो. कड्यावरून टाकलेलें वाळकें पान खालीं न जातां परत डोक्यावर येतें, ही गंमत गडावर गेलेल्या पुष्कळांनीं पाहिली असेल. ह्याच कड्यावर कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें धुक्यावर पडलेलें वर्तुळाकार इंद्रधनुष्य व त्याच्या मध्यभागीं स्वतःची छाया पाहिली, आणि दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधांत ती हकीकत १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडली. आज गिरिभ्रमण करणारी मंडळी त्यास इंद्रवज्र म्हणतात.

दुसरा प्रकार उन्हाचा. ऊन सर्वत्र सारखें पडलें तरी जमीन सारखी तापत नाहीं. काळें उघडें रान, मुरमाड माळ, खडकाळ उतार हीं लवकर तापतात. उंसाचा मळा किंवा तळें मागें राहतें. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते आणि आधणाच्या पातेल्यांत तळचे बुडबुडे सुटून वर यावेत तशी जमिनीपासून सुटून वर जाते. त्यांतली एखादी फिरकी धुळीनें माखली म्हणजे आपण तिला वावटळ म्हणतों. बहुतेक वेळां मात्र असा प्रवाह डोळ्यांस दिसत नाहीं. घारीस तो दिसतो असें नव्हे, परंतु तिच्या पंखांस तो कळतो. ती त्याच्या बाहेर न जातां आंतल्या आंत वर्तुळें घेत राहते. हवेच्या मानानें ती खालींच उतरत असते. परंतु ती एका सेकंदास एक मीटर उतरत असतां भोंवतालची हवा दोन मीटर वर जात असेल, तर जमिनीवरच्या माणसास ती चढतांना दिसेल हें उघड आहे. बिनएंजिनाच्या विमानाची, म्हणजे ग्लायडरची, सारी विद्या ह्या एका वजाबाकींत आहे.

ही वजाबाकी आज सोपी दिसते. ती मांडण्याआधीं एका माणसानें आग्र्याच्या आकाशाकडे वर्षानुवर्षें पाहत बसण्याचें काम केलें. अर्नेस्ट हँकिन हा जंतुशास्त्रज्ञ १८९२ च्या सुमारास इकडे आला. गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतू टिकत नाहींत, ह्या त्याच्या १८९६ सालच्या निबंधामुळें त्याचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत राहिलें आहे. परंतु फावल्या वेळीं हा गृहस्थ घारी आणि गिधाडें पाहत असे. सकाळीं प्रथम घारी तरंगूं लागतात. अंगानें जड असलेलीं गिधाडें त्यांच्यामागून, ऊन चांगलें चढल्यावर निघतात. ज्या हवेंत घार तरंगते तींत गिधाड तरंगेलच असें नाहीं. अशीं शेंकडों निरीक्षणें त्यानें वेळा घालून टिपलीं आणि १९१३ सालीं प्राण्यांच्या उड्डाणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. गंमत अशी कीं, ज्यानें एवढें पाहिलें त्यासच वर चढणाऱ्या हवेचें स्पष्टीकरण पुरेसें वाटेना. तें कोडें हवामानखात्याचे तेव्हांचे प्रमुख सर गिल्बर्ट वॉकर ह्यांच्या हातीं सुटावयाचें होतें. मोसमी पावसाचा संबंध दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाशीं जोडून दाखविणारे ते हेच वॉकर. १९०४ पासून १९२४ पर्यंत ते ह्या देशांत होते. शिमल्याच्या मैदानावर बूमरँग फेंकण्याचा त्यांना नाद होता. आणि उष्ण देशांतील पक्षी पंख न हालवितां कसे उडतात ह्यावर त्यांनीं १९२३ सालीं निबंध लिहून, ह्याचें कारण तापून वर चढणारी हवाच होय, असें प्रतिपादन केलें.

माणसाच्या उड्डाणाची कथा तिकडे युरोपांत निराळ्या वाटेनें चालली होती. एंजिन येण्यापूर्वीं पंखांच्या यंत्रानें जे उडाले ते ग्लायडरनेंच उडाले. जर्मनींतील ऑटो लिलिएंटाल ह्यानें १८९१ पासून टेकडीवरून धांवत सुटून सुमारें दोन हजार उड्डाणें केलीं आणि १८९६ च्या ऑगस्टांत तो पडून मरण पावला. राइट बंधूंनींही १९०० ते १९०२ ह्या तीन वर्षांत वाळूच्या टेकड्यांवर ग्लायडरवर हात बसविला आणि मग १९०३ सालीं त्यावर एंजिन चढविलें. एंजिन आल्यावर ग्लायडर अडगळींत जावयाचा. पण तसें झालें नाहीं, आणि ह्यास कारण एक तह झाला. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ सालच्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीच्या विमानविद्येस वेसण घातली. तेव्हां तेथील विद्यार्थ्यांनीं एंजिनावांचून उडावयाचें ठरविलें आणि १९२० सालीं वासरकुप्पे नांवाच्या टेकडीवर पहिला मेळावा भरविला. दोन वर्षांत, १९२२ च्या ऑगस्टांत, मार्टेन्स एक तासाहून अधिक वेळ हवेंत राहिला. तो टेकडीवर चढणाऱ्या वाऱ्यावर, म्हणजे आमच्या कोंकणकड्याच्या प्रकारच्या वाऱ्यावर, राहिला होता. घारीचा प्रकार साधण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. आपण चढतों आहों कीं उतरतों आहों हें दाखविणारें मापकयंत्र १९२८ च्या सुमारास ग्लायडरांत बसूं लागलें, आणि त्याच्या साह्यानें सपाट प्रदेशावर निरभ्र आकाशांत वर्तुळें घेत चढण्याची विद्या माणसाच्या हातीं आली. आग्र्याच्या गिधाडांची दिनचर्या छापून निघाल्यास तेव्हां पंधरा वर्षें झालीं होतीं. ह्या कथेस पुढें काळी बाजूही लागली. १९३३ नंतर नाझी सत्तेनें ह्याच तरुणांच्या संघांतून आपल्या वायुदळासाठीं वैमानिक घडविले. विद्या निर्मळ असली म्हणजे तिचा उपयोगही निर्मळच होतो असें नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरजवळच्या त्या इमारतीस ‘सिमला ऑफिस’ हें नांव आजही चिकटून आहे. म्हणजे हवेचा अभ्यास पुण्यास आधींच आलेला होता. स्वातंत्र्यानंतर नागरी विमानवाहतूक खात्यानें ग्लायडरशिक्षणाचें केंद्र चालविलें, तेंही पुण्याच्या पूर्वेस हडपसरला. ही निवड योग्यच होती. येथें मावळचा पाऊस संपलेला असतो आणि नगर-सोलापुराकडे पसरत जाणाऱ्या कोरड्या पठारास आरंभ होतो. दक्षिणेस दिवेघाटाची डोंगररांग. पावसाळा सोडला तर आकाश बहुधा मोकळें. ज्या उन्हास नगरचा शेतकरी कपाळावर हात मारून शिव्या देतो, तेंच ऊन येथें विद्यार्थ्यांचें भांडवल.

कांहीं वर्षांपूर्वीं फाल्गुनांतल्या एका रविवारीं आम्ही तेथें गेलों. उड्डाणें पाहावीं अशी इच्छा. परंतु पहिले दोन तास आम्हीं ढकलाढकली पाहिली. हँगरचे मोठे दरवाजे सरकले आणि पांच-सहा मुलांनीं एक ग्लायडर पंखांस व पाठीस हात लावून बाहेर काढलें. गांवच्या जत्रेंत रथ बाहेर काढतात तशी ती सावध गडबड होती. मग तपासणी. एकजण आंत बसून दांडी हालवी, दुसरा बाहेर पंखाच्या कडेची झडप हातानें दाबून धरी आणि जोर बरोबर पोंचतो कीं नाहीं तें सांगे. प्रत्येक बिजागरी, प्रत्येक खीळ बोट लावून पाहिली जात होती. मुलांपैकीं एकानें कंटाळून एक खीळ नुसती नजरेनेंच पाहिली, तेव्हां प्रशिक्षकांनीं आवाज न चढवितां त्यास परत आरंभापासून सुरुवात करावयास लाविली. तपासणी झाल्यावर वहींत सही.

मैदानाच्या एका टोकास विंच, म्हणजे मोठ्या एंजिनावर चालणारा रहाट. दुसऱ्या टोकास ग्लायडर. मध्यें सुमारें किलोमीटरभर पोलादी दोर. वारा कोणीकडून येतो हें काठीवरच्या कापडी पिशवीवरून पाहावयाचें आणि त्याच्या तोंडावर उडावयाचें. ग्लायडरला चाक एकच, पोटाखालीं. म्हणून उभें असतांना त्याचा एक पंख जमिनीवर टेकलेला असतो. दोर अडकविल्यावर एका मुलानें तो पंख उचलून समतोल धरला. खूण झाली. दूरचा रहाट फिरूं लागला, गवतांतला दोर सळसळून ताठ झाला, पंख धरणारा मुलगा चार पावलें बरोबर धांवला आणि त्यानें हात सोडला. पुढच्या क्षणीं ग्लायडर नाक वर करून असें चढलें कीं आमच्या पोटांत गोळा आला. अर्ध्या-पाऊण मिनिटांत तें तीनशें मीटरांच्या आसपास पोंचलें, दोर सुटला, छोट्या छत्रीला लोंबकळत खालीं आला, आणि वर राहिली ती केवळ शांतता.

वर चढणारी हवा मिळाली नाहीं, तर एवढी उंची उतरण्यास पांच-सहा मिनिटें पुरतात. तेवढ्यांत मैदानास वळसा घालून नेमक्या जागीं उतरावयाचें. एंजिनवाल्या वैमानिकास अंदाज चुकला तर तो पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करूं शकतो. येथें तसें नाहीं. येथें उतरणें एकदांच, आणि म्हणूनच सोळा-सतरा वर्षांच्या मुलास जमिनीवर जी घाई असते ती वर गेल्यावर उरत नाहीं. उतरलेलें ग्लायडर पुन्हा सर्वांनीं ढकलीत आणावयाचें, दोर ओढून आणावयाचा, वहींत वेळ लिहावयाची. आम्हीं हिशेब करून पाहिला. एका विद्यार्थ्याच्या वाट्यास त्या दिवशीं तीन उड्डाणें आलीं, म्हणजे पंधरा-सोळा मिनिटें आकाश; उरलेला सारा दिवस त्यानें दुसऱ्यांचे पंख धरले. पैसे मोजून मोटारीची फेरी घेतां येते तशी ही विद्या घेतां येत नाहीं. एकजण वर असतो तेव्हां खालीं सहाजण त्याच्यासाठीं उन्हांत उभे असतात, आणि उतरल्यावर तोच त्या सहांतला एक होतो.

दुपारचे साडेबारा झाले असतील. मैदानाच्या पूर्वेस पत्र्याच्या छपरांवर तीन घारी फिरूं लागल्या. प्रशिक्षक एका मुलास घेऊन वर गेले आणि दोर सुटतांच त्यांनीं घारींचा रोख धरला. घारींच्या खालीं पोंचल्यावर ग्लायडर कलून वळूं लागलें आणि हळूहळू त्यांच्या बरोबरीला गेलें. घारी हलल्या नाहींत. पाहुण्यास पाटावर जागा करून द्यावी तशी त्यांनीं त्यास आपल्या वर्तुळांत जागा दिली. चाळीस मिनिटांनीं तीं दोघें उतरलीं. मुलगा श्रीगोंदें तालुक्यांतला, शेतकऱ्याचा. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, “सर, आमच्या रानात वावटळ उठती ना, तिच्या मधी बसल्यावानी झालं.”

“अरे, वावटळच ती,” प्रशिक्षक म्हणाले. “फक्त धूळ नव्हती.”

मुलगा हसला, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि लगेच धांवत जाऊन पुढच्या ग्लायडरचा पंख धरून उभा राहिला.

ग्लायडरविद्येस आमच्या देशानें नुसतें मैदानच दिलें असें नव्हे. दिल्लीस सफदरजंग विमानतळावर नागरी विमानवाहतूक खात्याचें तांत्रिक केंद्र होतें. तेथील अभियंत्यांनीं १९५० नंतरच्या कांहीं दशकांत स्वदेशी ग्लायडरें आंखलीं व बांधलीं. त्यांना नांवें देतांना त्यांनीं परदेशी आंकडे-अक्षरें पुरेशीं मानलीं नाहींत. अश्विनी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर, आर्द्रा अशीं तीं नांवें. अश्विनी व रोहिणी शिकणाऱ्यांसाठीं दोन बैठकींचीं. रोहिणींत गुरु-शिष्य शेजारीं शेजारीं बसत. कार्तिक व मृगशीर एकट्यानें दूर जाण्यासाठीं. आर्द्रा पुन्हा दोघांचें. आंखणी करणाऱ्यांचा हेतु काय असेल तो असो. आमच्या शेतकऱ्यास ह्या यादींत आपलें पंचांग दिसल्यावांचून राहणार नाहीं. रोहिणींत वळीव, मृगांत पेरणी, आर्द्रांत लावणी. आणि योगायोग असा कीं उन्हाळ्याच्या उड्डाणाचा हंगाम रोहिणीच्या सुमारास संपत येतो; मृग बरसला कीं जमीन भिजते, ऊन निवतें आणि ग्लायडरें हँगरांत विसावतात. एकाच नक्षत्रानें एकाची कामें सुरू होतात व दुसऱ्याचीं थांबतात.

इतकें असून ही विद्या आमच्याकडे मूठभरांचीच राहिली. पैशाची अडचण हें कारण सांगतां येईल. परंतु हरलेल्या जर्मनीच्या विद्यार्थ्यांपाशीं १९२० सालीं पैसा होता असें कोण म्हणेल? आमच्यापाशीं तर सर्व सुटे भाग होते. आकाश होतें, घारी-गिधाडें होतीं, त्यांची दिनचर्या टिपून ठेवणारा होता, कारण सांगणारा होता, पुढें स्वतःचीं ग्लायडरें बांधणारेही झाले. मात्र एकाचें काम दुसऱ्यानें उचलून पुढें नेलें असें फारसें झालें नाहीं. हँकिनचा ग्रंथ ग्रंथालयांत राहिला आणि नक्षत्रांच्या नांवांचीं लांकडी ग्लायडरें काळाबरोबर मागें पडलीं. हडपसरच्या मुलांस जें पहिल्या दिवशीं शिकवितात, म्हणजे आपण उतरल्यावर पुढच्याचा पंख धरावयाचा, तेवढेंच आम्ही समाज म्हणून शिकलों नाहीं.

दरम्यान काळ थांबलेला नाहीं. हडपसर आम्हीं लहानपणीं पाहिलें तें भाजीमळ्यांचें गांव होतें. पुढें तेथें कारखाने आले, मगरपट्ट्याच्या उंच इमारती आल्या आणि पुणें शहर चहूंबाजूंनीं मैदानाच्या कुंपणास येऊन भिडलें. लोहगांवचा मोठा विमानतळ जवळच; त्यामुळें वरचें आकाशही मोकळें नाहीं, विचारून वापरावें लागतें. ग्लायडरला मोकळी जमीन हवी, कारण दोर मध्येंच तुटला तर समोर सरळ उतरावयाचें असतें. शहरांतला रिकामा माळ पाहून ज्याला त्याला तेथें इमारत दिसते. तो माळ रिकामा असणें हाच त्याचा उपयोग आहे, हें पटवून देणें कठीण असतें.

आणि गुरूंची अवस्था त्याहून वाईट झाली. हँकिननें ज्यांच्याकडे पाहून वही भरली तीं गिधाडें आमच्या डोळ्यांदेखत नाहींशीं झालीं. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करीत होतें; हें कारण २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. तोंवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतलें एकही धड उरलें नव्हतें. गांवाबाहेरच्या ढोरफोडीवर घिरट्या घालणारीं तीं चक्रें आमच्या पिढीनें शेवटचीं पाहिलीं. घार मात्र चिवट; ती शहरांत, उकिरड्यांवर, पत्र्यांच्या छपरांवर आपला निभाव लावून राहिली आहे. श्रीगोंद्याच्या त्या मुलास वर्तुळांत जागा देणारी तीच होती.

संध्याकाळीं ग्लायडरें परत हँगरांत गेलीं. दोर गुंडाळला गेला, वही मिटली. आमच्याबरोबर तो मुलगाही स्वारगेटपर्यंत आला; तेथून त्यास श्रीगोंद्याची एस. टी. धरावयाची होती. वाटेंत तो फारसें बोलला नाहीं. गाडींत चढतांना मात्र म्हणाला, “आजीला सांगायचंय, वावटळीत भूत नसतं म्हणून.” आजीनें त्यावर विश्वास ठेवला कीं नाहीं तें त्यास ठाऊक. आमच्यापुरतें म्हणाल तर, त्या दिवसापासून नगरच्या माळावर वावटळ उठलेली दिसली कीं आम्ही तिच्याकडे पाहत नाहीं. मान मागें टाकून प्रथम वर पाहतों, आणि घार आहे ना, तें बघून घेतों.